कुर्ल्यात घडली, कुर्ल्यात मोडली

(दृश्य: कुर्ला पश्चिम, सीएसटी रोड. सकाळ. दुकानांची शटर वर जातायत.)

या रस्त्यानं कालिन्याकडे निघालं की दोन्ही बाजूंना दरवाजे टांगलेले दिसतात. गाड्यांचे. त्यांच्या मागे बोनेट, बंपर, तारेत ओवलेले आरसे. रिक्षानं घासून आरसा उडवला की मुंबईतला मेकॅनिक सांगतो, "कुर्ल्याला मिळेल." आणि मिळतोच.

याच कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. कंपनी १९४४ सालची, वालचंद हिराचंद यांची. काळीपिवळी म्हणून मुंबईनं डोक्यावर घेतलेली पद्मिनी इथूनच बाहेर पडायची. शेवटी नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत २९ ऑक्टोबर २०२३ला भरली. पेपरात फोटो आले, लोकांनी सेल्फी काढले. तिच्याआधी हजारो टॅक्सी मोडीत निघाल्या, त्या गेल्या कुठे हे कुणी फारसं विचारलं नाही.

(दृश्य: गल्लीतलं आवार. गॅस कटरच्या ठिणग्या.)

मोडीला आलेल्या गाडीला लगेच कटर लागत नाही. आधी ती उकलतात. बॅटरी पहिली, कारण शिशाला रोख भाव. मग चाकं, सीट. पुढची काच आतून पायानं रेटून अख्खी काढतात, तडा न जाऊ देता. वायरिंग ओढून त्याचं भेंडोळं होतं, इंजिन चेन-कप्पीला लटकतं. दुपारच्या डब्यापर्यंत नुसता सांगाडा उरतो. मग कटर. पत्र्याचे तुकडे वजनकाट्यावर, तिथून ट्रकमध्ये आणि शेवटी भट्टीत. त्याचीच सळई होऊन कुठल्या तरी टॉवरच्या स्लॅबमध्ये जाते.

हे हात अडाणी नाहीत. गियरबॉक्स हलवून बघून तो अजून चालेल की नाही हे सांगणारी माणसं इथे आहेत. यांच्याकडे वाया जातं फक्त तेच, ज्याला गिऱ्हाईक नाही. खरी अडचण तीच आहे. इंजिनाखालचा नट सैल केला की काळं ऑइल घमेल्यात उतरतं. ते विकलं जातं. पण ब्रेक ऑइल, इंजिन थंड ठेवणारं कूलंट? एसीचा गॅस तर पाइप कापला की फुस्सकन हवेत जातो. सांडलेलं मातीत मुरतं, आणि पावसाळ्यात ती माती गटारातून मिठी नदीत.

दुसरा घोळ कागदाचा.

माझ्या काकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी जुनी मारुती ८०० भंगारात दिली. पैसे रोख, लिखापढी शून्य. दोन वर्षांनी घरी चलान आलं, सिग्नल तोडल्याचं! गाडी मोडली होती, नंबर मात्र दुसऱ्याच कुठल्या गाडीवर फिरत होता. काकू म्हणाल्या, "अहो, तेराव्यालासुद्धा कागद लागतो, तुम्ही गाडीचा नाही केलात?"

काकूंचं बरोबर होतं. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याचं कलम ५५ सांगतं, की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. पाळत कोण होतं? गाडी मोडायची कुठे आणि कशी, याचे वेगळे नियम केंद्रानं केले ते सप्टेंबर २०२१मध्ये. गाडी नोंदणीकृत केंद्रातच द्यायची. तिथे आधी तपासतात, ती चोरीची आहे का, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का. मगच ती आत घेतात आणि मालकाला ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी जमा केल्याचा कागद, मिळतो.

(दृश्य: मुंबईबाहेरचं केंद्र. सिमेंटची फरशी, कडेनं नाली.)

इथे पहिलं काम निचऱ्याचं. ऑइल एका पिंपात, कूलंट दुसऱ्या, एसीचा गॅस यंत्रानं खेचून टाकीत. सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडर रिकामा केल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही. एअरबॅगही आधीच निकामी करायच्या. मग चेसिस नंबर कोरलेला तळहाताएवढा पत्रा कापून बाजूला काढतात. तो भंगारात जात नाही. गाडी मोडल्याचं वेगळं प्रमाणपत्र दिल्यापासून सहा महिने तो केंद्रानं जपायचा. काकांची मारुती इथे आली असती तर ते चलान आलं नसतं.

१ एप्रिल २०२५पासून आणखी एक नियमावली लागू झाली. तिनं गाडी बनवणाऱ्यालाही यात ओढलं. खासगी गाड्या असतील तर २० वर्षांपूर्वी आणि व्यावसायिक असतील तर १५ वर्षांपूर्वी विकलेल्या गाड्यांत जेवढं पोलाद वापरलं, त्याच्या किमान ८ टक्के पोलाद मोडीतून परत मिळालं हे कंपनीनं दाखवायचं. हा टक्का पुढे १३ आणि मग १८ होणार आहे. विकून हात झटकायची सोय संपली, हे मला पटतं.

न पटणारं असं, की केंद्र शहराबाहेर आणि भंगारवाला गल्लीच्या तोंडाशी. तो दारात येतो, रोख मोजतो, आणि सुटे भाग विकायचे असल्यानं बऱ्याचदा दोन पैसे जास्तच देतो. सामान्य माणूस कुणाकडे जाईल? ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे, पण ती नवी गाडी घेणाऱ्याला. आणि ज्या हातांना काच अख्खी काढता येते, त्यांना या फरशीवर आणायचं कसं, यावर नियम गप्प आहेत. कुर्ल्याच्या गल्लीत जागा भाड्याची, तिथे पिंपं आणि नाली कोण बांधणार?

(दृश्य: केंद्राचं ऑफिस. टेबलावर आरसी बुक.)

गेल्या वर्षी काकांनी वॅगन आर मात्र इथे आणून दिली. वय ७२, नवी गाडी घ्यायची नाही. "मग ही सवलत माझ्या काय कामाची?" त्यांनी विचारलं. टेबलापलीकडचा मुलगा म्हणाला, "काका, हे प्रमाणपत्र ऑनलाइन दुसऱ्याला विकता येतं."

काकांनी चष्मा लावून कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग खिशातलं पेन काढून नंबर ताडून पाहिला, एकेक आकडा.