सातपायरीच्या घाटात बोलत चढायचं

मित्रहो, इथे बसलेल्यांपैकी बरेच जण या हिवाळ्यात पहिली २०० किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करणार आहेत. मुदत साडेतेरा तासांची. सपाटीवर ती पुरेशी वाटते, वाटेत घाट आला की कमी पडू लागते. आपली अडचण अशी की तापीचं खोरं सपाट. धुळ्या-जळगावकडे रोज सायकल हाणली तरी पायांना तासभर सलग चढायची सवय लागत नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, शहाद्याहून तोरणमाळला जा. आणि एकट्याने जाऊ नका, मित्राला घेऊन जा. त्याची कारणंच आज सांगणार आहे.

अंतर एका बाजूने पन्नास-पंचावन्न किलोमीटर. शहादा समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आत, तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर. म्हणजे जवळजवळ हजार मीटरची चढाई, आणि तिचा मोठा भाग शेवटच्या टप्प्यात. म्हसावदपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, केळी, पपई. या पट्ट्यात जोर लावायचा मोह होतो, तो टाळा. राणीपूर मागे पडलं की सातपुडा समोर उभा राहतो आणि पुढे सातपायरीची वळणं सुरू होतात.

आता थोडा हिशोब. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरा. एवढं वजन हजार मीटर वर न्यायला सुमारे ७८० किलोज्यूल काम होतं. आपलं शरीर खाल्लेल्यातला साधारण चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. त्यामुळे नुसत्या चढाईलाच आठशेच्या आसपास कॅलरी लागतात. १५० वॅटने चढलात तर दीड तास. मागचं केळं संपलं म्हणून पुढचं काढायचं, असं या घाटात चालत नाही. भूक लागायच्या आधी खायचं. आपल्याकडे केळ्यांना काय तोटा? मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात. तासाला दोन केळी आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, एवढ्यावर भागतं. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वर पोचल्यावर.

हे सगळं एकट्यालाही करता येईल. मित्र लागतो तो वेग ठरवायला.

माझा सोबती शिक्षक आहे, घरची बोली अहिराणी. घाट लागला की तो एखादी लांबलचक हकीकत सुरू करतो. मागच्या वेळी भाच्याच्या लग्नातल्या मानपानाची होती. मी त्याच्या मागच्या चाकापासून हातभर बाजूला, कान त्याच्याकडे. वाक्य सरळ पूर्ण होत होतं तोवर आम्ही त्याच वेगात होतो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर चढ चांगलाच तिखट झाला. "मग मामानं सांगितलं..." एवढं म्हणून तो थांबला, श्वास घेतला, "की..." आणि पुन्हा श्वास. मी लगेच म्हटलं, "गिअर टाक." दोघांनी एक-एक गिअर हलका केला. दोनशे मीटरवर मामाचं म्हणणं पूर्ण झालं. मी गप्प झालो की तो विचारतो, "बोल ना भो, चूप का?" मग माझी पाळी.

गंमत म्हणून हे करत नाही. सलग वाक्य बोलता येतंय तोवर स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळतोय आणि इंधनात चरबीचाही चांगला वाटा आहे. वाक्य तुटायला लागलं की शरीर साखरेच्या साठ्यावर जोरात हात मारतं, आणि तो साठा असतो ४००-५०० ग्रॅमचा. छातीला पट्टा बांधून ठोके मोजता येतात, जरूर मोजा. पण उन्हात तेवढ्याच मेहनतीला ठोके वाढतात, आणि ऊन आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी असतंच. मित्राचं तुटलेलं वाक्य उन्हातही खरं सांगतं. आपलं स्वतःचं धापणं आपल्याला उशिरा कळतं, दुसऱ्याला आधी ऐकू येतं.

दोघांचा दम सारखा नसेल तर? तर बोलणं ज्याचं आधी तुटतं त्याचा वेग धरायचा. जोरदार गड्याला हे जड जातं. त्याला वाटतं, आपला सराव वाया चाललाय. नाही जात. चढावर वेग ताशी आठ-नऊ किलोमीटर असतो, तिथे मागे राहून वाऱ्याचा आडोसाही मिळत नाही, प्रत्येकाला आपलं वजन आपणच न्यायचं असतं. लांब पल्ल्यासाठी नेमका हाच संथ, सलग ताण हवा. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे ३२ दात्यांचं चक्र असेल तर मिनिटाला साठ फेऱ्यांत एवढा वेग निघतो, गुडघेही शाबूत राहतात.

वर यशवंत तलावाच्या काठी अर्धा तास पुरे. जास्त बसलात की पाय आखडतात.

उतरताना मात्र बोलणं पूर्ण बंद. दोघांत चांगलं पन्नास मीटर अंतर. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक, वळणात ब्रेक मोकळे. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो आणि नंतर पकडत नाही. पावसाळ्यानंतर कड्यावरून आलेले दगड रस्त्यावर असतात, वरून येणारी प्रवासी जीप पूर्ण रस्ता घेते. नजर पुढच्या वळणाच्या शेवटावर.

राणीपूरला खाली आलात की पुन्हा जवळ या. आता सपाटी, वारा तोंडावर असू शकतो, आणि इथे मित्राच्या मागच्या चाकाचा आडोसा खरोखर कामाचा. दोन-तीन मिनिटांच्या पाळ्या लावा, पुढच्याने खड्डा हाताने दाखवायचा, आणि ज्याचे पाय अजून ताजे आहेत त्याने पाळी थोडी लांब घ्यायची.