भुसावळच्या उन्हाने हरण्या का जात नाही?

राम राम मंडळी.

यावलकडे एका बांधावर काका मला म्हणाले, "काय भो, लॅबवाले रोपाला गरमी देऊन हरण्या रोग काढतात म्हणे. मग आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री फुकटात मिळते, तरी माझी केळीची बाग पिवळी का?"

चेष्टेत विचारलं, पण प्रश्न नेमका होता.

हरण्या म्हणजे सीएमव्ही, काकडीवर्गातल्या पिकांवरचा मोझॅक विषाणू. केळीच्या पानावर पिवळे पट्टे, पान अरुंद, जोर वाढला की पोंगाच, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, सडतो. औषध नाही. झाड उपटायचं आणि गाडून टाकायचं.

(बाटली कॅमेऱ्यासमोर)

हे जी-नाईन या केळीच्या वाणाचे, लॅबमध्ये बाटलीत वाढवलेले कोंब. एरवी २५ ते २८ डिग्रीत मजेत वाढतात. विषाणू काढायचा तर दिवसा ४० पर्यंत नेतात, रात्री पुन्हा २८ च्या आसपास आणतात, असं काही आठवडे. ती रात्रीची उसंत फार मोलाची. सलग ४० ठेवलं तर विषाणूआधी रोपच जाईल. उसंत देऊनही कोंब खुरटतात, फिके पडतात, काही काळे पडून मरतात. बाटल्या बघून नवख्याला वाटेल, सगळं वाया गेलं.

आणि एवढं करून विषाणू मरतो का? नाही! त्याची पैदास फक्त मंदावते. झाडाकडे विषाणूचे तुकडे करणारी स्वतःची यंत्रणा असते, ती गरमीत जास्त जोरात चालते. तिकडे कोंबाच्या टोकाला नव्या पेशी भराभर होत असतात, त्यामुळे विषाणू मागे राहतो.

आता कामाला येते सुरी. हरण्याचा विषाणू एरवी टोकाच्या अगदी जवळ जाऊन बसतो, म्हणून नुसता शेंडा कापून भागत नाही. गरमीने तो जरा मागे सरला की सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरभराहून लहान टोक उचलायचं आणि नव्या बाटलीत लावायचं. टोक जितकं बारीक तितकं स्वच्छ, पण तितकंच जगायला अवघड. शेंड्यातून निरोगी रोप काढायची ही युक्ती फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ साली डेलियावर करून दाखवली होती.

तर काका, तुमच्या बागेत ऊन आहे, सुरी नाही. मे महिन्यात पट्टे कमी दिसतात, पण विषाणू झाडातच असतो. मृगाचा पाऊस पडला, ढगाळ गारवा आला, की पुन्हा डोकं वर.

आणखी एक. स्वच्छ रोप म्हणजे चिलखत घातलेलं रोप नव्हे. शेजारी काकडी, भोपळा, मिरची असेल तर मावा ही कीड तिथून विषाणू घेऊन येते, मग रोप कितीही महागाचं असो.

म्हणून "आमची रोपं गरमी दिलेली आहेत" असं कोणी छातीठोक सांगितलं, तर एवढंच विचारा: गरमीनंतर शेंडा कापला होता का, आणि त्यातून वाढलेल्या रोपाची विषाणू-तपासणी कधी केली? कागद दाखवा म्हणा.