महापेतल्या प्रिंटरची झोप

[दृश्य: महापे, एमआयडीसी. संध्याकाळचे साडेसात. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या भरून निघाल्यात.]

तिसऱ्या मजल्यावरच्या या ऑफिसात आता फक्त शिपाई काका उरलेत. दिवे बंद, पंखे बंद, एसी बंद. काका एकेक बटण हाताने चाचपून बघतात. पण कोपऱ्यातल्या प्रिंटरवर तळहात ठेवा. ऊब लागते. शेवटचा कागद बाहेर पडून तास उलटून गेलाय.

लेझर प्रिंटर टोनरची पूड कागदावर वितळवून चिकटवतो. त्यासाठी आत फ्युझर नावाचा रोलर असतो आणि छापताना तो 200 अंशांच्या आसपास तापतो. पडद्यावर ‘रेडी’ लिहिलेलं असतं तेव्हा मशीन हा रोलर गरम राखून बसलेलं असतं. टपरीवर गिऱ्हाईक नसताना चहाचं आधण उकळत ठेवावं, तसं.

[दृश्य: मशीनच्या पाठीमागे चिकटवलेला निळा, ताऱ्याचा शिक्का. कॅमेरा अगदी जवळ.]

हा शिक्का ‘एनर्जी स्टार’चा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1992 साली तो आणला आणि सुरुवात केली ती कॉम्प्युटर आणि मॉनिटरपासून. अपेक्षा साधी होती: कुणी वापरत नसेल, तर मशीनने आपणहून झोपावं. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारी खात्यांना असेच कॉम्प्युटर घ्यायचा आदेश निघाला. एवढं मोठं गिऱ्हाईक हातचं कोण घालवणार?

पण तेच मॉडेल टोकियोत विकलं जातं, बर्लिनमध्ये आणि आपल्या वाशीतही. प्रत्येक बाजारात वेगळा काटा असेल, तर कंपनीने किती वेळा वजन करायचं, आणि घेणाऱ्याने कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा? म्हणून देशांनी एकच काटा मान्य केला. 1995 मध्ये जपान आला, 2001 पासून युरोपीय संघाबरोबरचा करार लागू झाला. कॅनडा, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, तैवानही जोडले गेले. मोजायची रीत एक, वीज मात्र ज्या त्या बाजाराची: अमेरिकेसाठी 115 व्होल्ट, जपानसाठी 100, युरोपसाठी 230. आपल्याकडेही 230 व्होल्टच. तेव्हा माहितीपत्रकात 230 व्होल्टवर मोजलेला वीजवापराचा आकडा शोधा.

या रीतीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की लेझर प्रिंटरची परीक्षा एका क्षणावर होत नाही. अख्ख्या आठवड्याचा हिशेब धरतात. पाच दिवसांची छपाई, मधल्या रिकाम्या वेळा, रात्री आणि सुट्टीचे दोन दिवसही. म्हणजे काका कुलूप लावून गेल्यानंतरचे तासही मोजले जातात.

शिक्क्याची पत मात्र तपासणीवर टिकते. 2010 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी 20 बनावट वस्तूंसाठी या शिक्क्याचे अर्ज केले. त्यांतल्या 15 मंजूर झाल्या. त्यांत पेट्रोलवर चालणारं गजराचं घड्याळही होतं! त्यानंतर, 2011 पासून, अमेरिकेत त्रयस्थ प्रयोगशाळेची चाचणी सक्तीची झाली. युरोपात कंपनीचं स्वतःचं निवेदनच चालू राहिलं. फेब्रुवारी 2018 मध्ये युरोपबरोबरच्या कराराची मुदत संपली आणि तो पुढे वाढवला गेला नाही. सतरा वर्षं सांभाळलेला सामाईक काटा असा मोडावा, याचं वाईट वाटतं.

[दृश्य: ठाण्यातलं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. फ्रिजवरचे लाल तारे.]

आपल्याकडे 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा आला, 2002 मध्ये बीईई, म्हणजे केंद्र सरकारची ऊर्जा कार्यक्षमता संस्था, स्थापन झाली आणि 2006 मध्ये ताऱ्यांची योजना सुरू झाली. एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला लेबल सक्तीचं झालं. लॅपटॉप, प्रिंटर, कॉपियर यांची लेबलं मात्र ऐच्छिक ठेवली गेली. म्हणून याच दुकानात फ्रिज घेताना माणूस “किती स्टार?” विचारतो आणि प्रिंटर घेताना टोनर केवढ्याला पडेल, एवढंच. प्रिंटरचं लेबलही सक्तीचं व्हायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. एखादं मशीन नुसतं बसून 10 वॉट खात असेल, तर वर्षभरात 87.6 युनिट होतात. एका मशीनचे. महापे, रबाळे, ऐरोलीतले मजले मोजा.

[दृश्य: पुन्हा तेच ऑफिस. सकाळ. प्रिंटर दुरुस्तीवाला मेनू उघडून बसलाय.]

“ताई, याचा स्लीप मोड बंद केलेला आहे.”

“मीच केलाय. झोपला की उठायला वेळ लावतो, आणि जीएसटी भरायच्या दिवसांत माझ्याकडे तेवढाही वेळ नसतो.”

तक्रार खरी आहे. शिक्का मिळवताना जी झोप मोजली गेली, ती आपण एका बटणाने काढून घेतो, पण कारण असतं.

“पंधरा मिनिटांवर लावतो. सलग प्रिंट काढत असाल तर झोपणारच नाही.”

ताई क्षणभर विचार करतात. “महिनाअखेरीला परत बदलता येईल ना?”

“येईल. दाखवतो.”

[दृश्य: संध्याकाळ. काका बटणं चाचपत येतात, प्रिंटरवर हात ठेवतात. मशीन गार आहे. ते कुलूप काढून हातात घेतात.]