पोटातली चौदा इंजेक्शनं आणि चिठ्ठीतला प्रश्न

आता ही चिठ्ठी आलीय, विचारलंय की लशीमुळे नसा जातात, शरीर स्वतःवरच उलटतं, हे खरं का. बहुतेक डॉक्टर पटकन नाही म्हणून मोकळे होतात. मी म्हणतो हो, असं झालेलं आहे, पण कुठली लस ते आधी सांगा, कारण सगळ्या लशी एका माळेत ओवून काही बोलताच येत नाही.

इथे पन्नाशीच्या पुढचे बरेच बसलेत, कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, आठवतंय ना? ती सेंपल लस. डेव्हिड सेंपल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १९११ मध्ये कसौलीला तयार केलेली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा व्हायरस वाढवायचा, मग तो मेंदू वाटून फिनॉल घालून व्हायरस मारायचा आणि तेच टोचायचं. म्हणजे व्हायरसबरोबर मेंदूसुद्धा जायचा, आणि घोळ तिथेच होता. नसांवर मायलिनचं आवरण असतं, मेंढीचं आणि आपलं बरंचसं सारखं, त्यामुळे काही जणांची इम्युनिटी मेंढीच्या मायलिनवर तुटून पडता पडता आपल्याच मायलिनवर घसरायची. पाय लुळे पडायचे, लघवी अडायची, काही जण दगावलेसुद्धा. हा ऑटोइम्यून आजारच, दुसरं काही नाही.

१९३३ मध्ये अमेरिकेत थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क परत परत टोचला, त्यात रेबीज नव्हताच, तरी काही माकडं लुळी पडली. मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे इम्युनिटी आपल्याच मायलिनवर उलटते तो आजार, समजून घ्यायला आजही जे प्राण्यांचं मॉडेल वापरतात त्याची सुरुवात इथून झाली. आणि मला राग कशाचा येतो सांगू, पेशींवर वाढवलेल्या चांगल्या लशी कधीच्या बाजारात आल्या होत्या पण महाग, म्हणून मेंढीच्या मेंदूची लस आपल्याकडे सरकारी दवाखान्यात २००४ पर्यंत चालली, गरिबालाच टोचली गेली. तरी पिसाळलेलं कुत्रं चावलेल्याने ती घेणंच शहाणपणाचं होतं, कारण रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळपास वाचतच नाही.

एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, आणि ऑटिझमचं थोडक्यात उरकतो, या दोघांचा संबंध सुचवणारा १९९८ चा तो पेपर फक्त १२ मुलांवरचा, लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाने २०१० मध्ये मागे घेतला, आणि २०१९ मध्ये डेन्मार्कने साडेसहा लाखांवर मुलं तपासली, काही संबंध निघाला नाही. विषय संपला.

पँडेम्रिक्सचा मात्र संपत नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूची ही लस, फिनलंड-स्वीडनमध्ये ती घेतलेल्या काही मुलांना नार्कोलेप्सी झाली, म्हणजे भर दिवसा बसल्या जागी झोप लागणं, हसता हसता गुडघ्यातून वाकून पडणं. जवळजवळ सगळ्यांमध्ये एकच ठरावीक जीन निघाला. ही गोष्ट कुणी दाबली नाही, २०१० च्या ऑगस्टमध्ये तिथल्याच सरकारी यंत्रणांनी चौकशी लावली.

आणि जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, यात इम्युनिटी आपल्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात. १९७६ मध्ये अमेरिकेत साडेचार कोटी लोकांना स्वाइन फ्लूची लस दिली, तेव्हा लाखात साधारण एकाला जास्तीचा जीबीएस झाला आणि मोहीम बंद करावी लागली. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, सिंहगड रोडला जीबीएसचे पेशंट वाढले तेव्हा मला धडाधड मेसेज, कोविडच्या लशीचाच परिणाम ना डॉक्टर? अहो, लस घेऊन तीन-चार वर्षं झालेली, आणि पेशंट नेमके त्याच भागातले कसे? तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, दूषित पाण्यातून येणारा, त्याच्या अंगावरची साखर आपल्या नसांवरच्या साखरेसारखी दिसते आणि मग सेंपलसारखाच घोळ, फक्त इथे लस नव्हती, पाणी होतं.

चिठ्ठीत खाली अजून एक ओळ आहे, घरात एकाला जीबीएस होऊन गेलाय, फ्लूची लस द्यायची का. फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत झाला होता का ते आधी बघा, तसं असेल तर शक्यतो पुन्हा देत नाहीत, नसेल तर न्यूरॉलॉजिस्टशी बोलून ठरवा, बऱ्याच जणांना देता येते.