आधी मंडई, मग बाग

नमस्कार, श्रोतेहो. मे महिन्यात घरी पाहुणे येतात. त्यांना मुंबई दाखवायची म्हणजे गाडी करायची आणि गेटवे, हाजी अली, चौपाटी असं भराभर उरकायचं, अशी आपली रीत पडली आहे. आज माझं ऐका. एक अख्खा दिवस काढा आणि त्यांना मुंबई पायी दाखवा. सकाळी मंडई, दुपारी बाग. पुन्हा सांगते, आधी मंडई, मग बाग. उन्हं चढायच्या आत मंडईत माल ताजा असतो आणि विकणाऱ्याला बोलायला सवड असते. बाग दुपारची, कारण चालून आलेल्या माणसालाच सावली खरी कळते.

माझी वाट ठरलेली आहे. सीएसएमटीला उतरायचं, दहा मिनिटांत क्रॉफर्ड मार्केट. तिथून मंगलदास मार्केटमधलं कापड, मग मोहम्मद अली रोड धरून भेंडी बाजार, जे. जे., भायखळा आणि शेवटी राणीची बाग. रमतगमत गेलं तरी दुपारी पोचतो. पाणी, टोपी तुम्ही घ्यालच. फक्त बुधवार टाळा. बुधवारी राणीची बाग बंद असते.

ही वाट मी पहिल्यांदा चालले ती माझ्या आत्याबरोबर. आत्या रत्नागिरीजवळच्या खेड्यातली. पंचवीस-तीस कलमांची बाग. काका लवकर गेले, तेव्हापासून आंब्याचं सगळं तिच्याच अंगावर. पेट्या ती स्वतः भरायची. खाली पेंढा, त्यावर आंबा देठ सांभाळून, मग पुन्हा पेंढा. पेटीवर रंगानं नाव घालायचं आणि संध्याकाळच्या ट्रकवर चढवायची. दहा-बारा दिवसांनी दलालाची पट्टी यायची. अमुक पेट्या, अमुक भाव, आडत वजा, हमाली वजा. वर छापलेलं असायचं, क्रॉफर्ड मार्केट, मुंबई. त्या सगळ्या पट्ट्या तिनं तारेला टोचून माजघरात टांगून ठेवल्या होत्या.

त्यातली एक पट्टी ती कधी विसरली नाही. त्या साली चाळीस पेट्या गेल्या आणि अर्ध्या पेट्यांपुढे लिहून आलं, "माल डागी". भाव निम्म्याहून कमी. पैशांचं दुःख होतंच, पण तिला लागलं ते दुसरंच. चाळीसच्या चाळीस पेट्या तिनं आपल्या हातानं भरल्या होत्या.

पुढे फळांचा घाऊक बाजार वाशीला गेला, आत्याही थकली. एका मे महिन्यात ती मुंबईला आली आणि म्हणाली, "मला चौपाटी नको. माझे आंबे जात तो बाजार दाखव."

गेलो. समोर घड्याळाचा मनोरा. ही इमारत १८६९ची. नाव मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचं, आराखडा विल्यम एमर्सन यांचा. आत्या एकदम दारातच थांबली. वर बघत होती. लॉकवुड किपलिंग यांनी तिथे दगडात शेतकरी कोरले आहेत. मी कितीदा त्या दारातून गेले होते, पण मान वर केली नव्हती. आत्या म्हणाली, "दारावर शेतकरी आहे गो. म्हणजे घर आपलंच."

इथे थोडं थांबते. या मंडईचं आजचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. फुले घराण्याचा धंदा फुलांचा, आडनावही त्यावरूनच पडलेलं. मंडईला याहून शोभणारं नाव नाही. ते आपल्या तोंडी यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तर आत्या. आत फळांच्या बाजूला पेंढ्याचा वास आला आणि तिची चाल बदलली. एका गाळ्यापाशी एक म्हातारे हमाल बसले होते, पाटणकडचे. आत्यानं ओळख नाही, पाळख नाही, सरळ विचारलं, "दादा, पेटी माझी नीट भरलेली. माल डागी कसा व्हायचा?"

त्यांनी तिला बसायला रिकामं खोकं दिलं. मग दोन खोकी एकावर एक ठेवून दाखवली. म्हणाले, "आई, ट्रकात अशा थप्प्या लागायच्या. कशेडी घाटात हिसके बसायचे. खालच्या पेटीवर वरच्या सगळ्यांचा भार, वर ताडपत्री, आत उकाडा. एखाद रात्री ट्रक वाटेत बंद पडला की तळाचा माल गेलाच. आम्ही उतरवायचो ना. वरची पेटी हसत यायची, तळाची रडत."

आत्या बराच वेळ त्या खोक्यांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझा हात चुकला नव्हता."

"नाही आई," ते म्हणाले, "हात नव्हता चुकला."

इतकी वर्षं तिनं ते मनात धरलं होतं, श्रोतेहो. आणि उत्तर त्या माणसाकडे होतं, ज्यानं पेट्या पाठीवरून उतरवल्या. हमालांसाठी आपल्या राज्यानं १९६९ साली माथाडी कायदा केला, मंडई उभी राहिल्याला तेव्हा शंभर वर्षं झाली होती. बाजारात ओझं घेतलेला माणूस दिसला की आधी त्याला वाट द्या. आणि फुटपाथ मोकळे ठेवा, म्हाताऱ्या माणसालाही शहर बघायचं असतं.

आत्यानं तिथून एक डझन हापूस घेतला, गावी न्यायला! मंगलदासमध्ये तिचा जीव रमला नाही. पण पुढचा सगळा रस्ता, चहाला दोनदा थांबून, ती चालली.

राणीची बाग सुमारे पन्नास एकरांची, दीडशे वर्षांहून जुनी. लोक पेंग्विन बघायला धावतात. तुम्ही झाडं बघा, कैलासपती बघा, गोरखचिंच बघा. आत्या जांभळ्या फुलांनी भरलेल्या ताम्हणीखाली थांबली. "आमच्या वहाळावर अश्शीच आहे," म्हणाली आणि चपला काढून बाकावर पाय वर घेऊन बसली. पिशवीतले आंबे एकेक करून हुंगून बघितले, पुन्हा नीट रचले, देठ सांभाळून.

निघताना तिनं विचारलं, "उद्या पुन्हा येऊ इथे?"

म्हटलं, "उद्या बुधवार. बाग बंद."

"मग मंडई तरी असेल ना," ती म्हणाली. "दादरला फुलांची मोठी मंडई आहे म्हणतात. पहाटे उठव मला."