गोझो : तांबडी वाळू आणि चुनखडीचे कडे

[फेरीबोटीच्या कठड्यावरून. समोर बेट, खाली फेसाळतं पाणी]

भूमध्य समुद्रातल्या माल्टा देशाच्या मुख्य बेटावरून, चिरकेवा धक्क्यावरून फेरीबोट सुटली की साधारण २५ मिनिटांत गोझो येतं. वाटेत उजव्या हाताला कोमिनो हे छोटं बेट मागे पडतं. तिथल्या निळ्याशार ब्लू लगूनवर उन्हाळ्यात एवढी झुंबड उडते की २०२५पासून आगाऊ नोंदणी सुरू करावी लागली. आपण तिथे उतरणार नाही. समोर जे दिसतंय, ते मला त्याहून कितीतरी मोलाचं वाटतं.

समोरची टेकडी नीट बघा. माथा सपाट, आपल्या सह्याद्रीतल्या एखाद्या गडासारखा. माथ्याखाली राखाडी-निळसर मातीचा उतार. त्याच्याही खाली मधाच्या रंगाचा दगड, तो काही ठिकाणी थेट पाण्यात उतरलेला. गोझो म्हणजे जेमतेम १४ किलोमीटर लांब आणि ७ किलोमीटर रुंद बेट. वस्ती ३९ हजारांच्या घरात. पुळण, मिठागरं, पाच हजार वर्षांपूर्वीची मंदिरं, कोसळलेली कमान, इथलं सगळं काही या दगडमातीच्या थरांनी घडवलं आहे. बेट बघायचं तर हे थर डोळ्यांसमोर ठेवूनच बघायला हवं.

सगळ्यात वर असते ती प्रवाळांची, कठीण आणि भेगाळलेली चुनखडी. पावसाचं पाणी तिच्यातून झिरपतं आणि खालच्या चिकणमातीवर येऊन अडतं. ही माती पाण्याला पुढे जाऊ देत नाही. मग ते टेकडीच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. माल्टाच्या मुख्य बेटापेक्षा गोझो हिरवं का, याचं उत्तर या निळ्या मातीत आहे. उतारांवरची शेतं, दगडी बांध, निवडुंगाची कुंपणं, सगळी त्या पाण्यावर जगतात.

[रामलाचा किनारा, वरून]

आणि अशाच दोन टेकड्यांच्या मधल्या दरीतून वाट उतरते ती रामलाला.

माल्टाच्या बेटांवर कडे आणि खडक भरपूर, वाळूचे किनारे मात्र मोजके. त्यामुळे रामलाचं अप्रूप मोठं. वाळू तांबूस. कोरडी असताना केशरी छटेची, लाट येऊन गेली की विटकरी. मूठभर हातात घेऊन उन्हात धरली तर दिसतं, दाणे एका रंगाचे नाहीत. काही गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे, काही पांढुरके, शंखशिंपल्यांचा चुरा मिसळलेले. मागच्या बाजूला वाळूच्या छोट्या टेकड्या आहेत, त्यांच्यावर खुरटी झुडपं तग धरून आहेत. अशा टेकड्या या बेटांवर आता फार थोड्या उरल्यात, म्हणून त्यांना संरक्षण दिलेलं आहे. दोरी बांधलेली दिसली की तिच्या अलीकडेच थांबा. झुडपं गेली की वाळूही वाऱ्याबरोबर जाते.

या वाळूखाली एक रोमन वाडा गाडलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं उत्खनन झालं आणि मग तो पुन्हा झाकून टाकला. पाण्याखालीसुद्धा एक भिंत आहे. हा किनारा उथळ आणि सपाट, म्हणजे चाच्यांना उतरायला सोयीचा. म्हणून त्या काळी इथे राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या नाइट्सनी, म्हणजे ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाने, अठराव्या शतकात शत्रूची गलबतं अडावीत म्हणून समुद्रातच बांध घातला.

वरच्या कड्यात कॅलिप्सोची गुहा आहे. ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यात कॅलिप्सो नावाची अप्सरा ओडिसियस या वीराला सात वर्षं आपल्या बेटावर ठेवून घेते. ते बेट म्हणजे गोझोच, असं इथली माणसं अभिमानाने सांगतात. कडा खचत असल्यामुळे गुहेत आता जाऊ देत नाहीत. पण सज्जावरून खाली पाहिलं की तांबडा पट्टा, त्याला लागून पोपटी पाणी आणि पुढे गडद निळाई असं चित्र एका नजरेत सामावतं.

रामलाला गर्दी असेल तर शेजारी सान ब्लास आहे. वाळू तशीच, पण किनारा इवलासा. नादूर गावाकडून उतरणारा रस्ता इतका तीव्र आहे की परतताना चांगलाच दम लागतो. दोन्ही बाजूंना फळबागा आणि बांबूसारख्या उंच वेतांची दाटी. मला विचाराल तर पोहण्यासाठी मी सान ब्लासच निवडेन. उत्तरेचा वारा सुटला असेल तर मात्र दोन्हीकडे पाण्यात शिरू नये, लाटांची ओढ मोठी असते.

[शारा गाव. जगांतीयाची भिंत, जवळून]

रामलाच्या वरच्या पठारावर शारा गाव आहे आणि गावाच्या कडेला जगांतीया. इसवी सनपूर्व ३६०० ते ३२००च्या दरम्यान बांधलेली ही दोन मंदिरं इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी आहेत. १९८०मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. बाहेरची भिंत आजही सहा मीटरच्या वर उभी आहे. काही शिळा ५० टनांपेक्षा जड. धातूची हत्यारं नव्हती, चाक नव्हतं. आसपास दगडाचे गोटे सापडलेत, त्यांच्यावरून शिळा घरंगळत आणल्या असाव्यात असं अभ्यासक मानतात. गावकऱ्यांची कथा वेगळी आहे. सान्सुना नावाच्या राक्षसिणीने एका खांद्यावर मूल घेऊन हे सगळे दगड वाहून आणले.

इथेही थर बघा. बाहेरच्या भिंतीला वरची कठीण, खडबडीत चुनखडी. आत उंबरठ्यांना, वेदींना खालची मऊ, पिवळसर चुनखडी, जी गारगोटीच्या हत्याराने कोरता येते. कोणता दगड ऊनपाऊस सोसेल आणि कोणता हाताला वश होईल, हे त्या बांधणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. त्यांच्याकडे लिपी नव्हती. पण हे ज्ञान पिढ्यानपिढ्या कोणीतरी कोणाला शिकवलं असणार, आणि त्या भिंतीसमोर उभं राहिलं की मला त्या शिकवणाऱ्यांपुढे हात जोडावेसे वाटतात.

[मार्सालफोर्नच्या पुढे, श्वेयनीची मिठागरं]

तोच मऊ पिवळा दगड उत्तरेच्या किनाऱ्यावर समुद्राला भिडतो आणि तिथे मिठागरं आहेत. आपल्याकडची मिठागरं मातीच्या बांधांची. इथे कातळातच चौकोनी हौद खोदलेत, एकाला एक लागून, जवळजवळ तीन किलोमीटर. यातली काही साडेतीनशे वर्षांपासून वापरात आहेत आणि आजही ठरावीक घराणी पिढीजात हे काम करतात.

आधी खोल हौदात समुद्राचं पाणी भरतात. उन्हाने ते दाट झालं की उथळ हौदांत सोडतात. आठवड्याभरात पाणी उडून जातं. सुरुवातीला कडेला पांढरी रेघ धरते, मग तळाशी खडे बसतात. लांब दांड्याच्या झाडूने मीठ हळूच एका बाजूला ओढतात. दगड घासला जाऊ नये म्हणून हात हलका ठेवावा लागतो, नाहीतर मिठात चुरा येतो. ढीग निथळला की तो पोत्यांत भरून शेजारच्या कातळात कोरलेल्या खोलीत ठेवायचा. मे ते सप्टेंबर हा हंगाम. मध्येच पावसाची एखादी सर आली तर आठवड्याची मेहनत विरघळून जाते.

फोटोसाठी पुष्कळ पाहुणे सरळ हौदांच्या कडांवरून चालत जातात. कडा ठिसळ आहेत, आणि हे लोकांच्या खाण्यातलं मीठ आहे. रस्त्यावरून बघा, मीठ तिथेच विकत मिळतं, एक पिशवी जरूर घ्या.

[व्हिक्टोरिया. तटबंदीवरून चौफेर]

बेटाच्या मधोमध व्हिक्टोरिया हे मुख्य गाव. १८८७मध्ये ब्रिटिशांनी राणीचं नाव दिलं, तरी गावकरी अजून रबातच म्हणतात. डोक्यावर चितादेल्ला किल्ला. १५५१च्या जुलैमध्ये तुर्की आरमाराने याला वेढा घातला. किल्ला पडला आणि बेटावरची जवळपास सगळी माणसं, पाच ते सहा हजार, गुलाम म्हणून नेली गेली. अख्खं बेट ओस पडलं. त्यानंतरही १६३७पर्यंत नियम होता की रात्र झाली की रहिवाशांनी तटाच्या आत यायचं. आज तटावर उभं राहून समुद्राकडे पाहताना हे विसरू नये. आपण ज्या किनाऱ्यांवर पोहतो, त्यांच्याकडे या माणसांनी अनेक शतकं धास्तीनेच पाहिलं.

आतल्या कॅथेड्रलमध्ये जरूर जा. बाहेरून त्याला घुमट नाही. आत मान वर केली की खोल, गोल घुमट दिसतो. तो सपाट कापडावर रंगवलेला आहे, १७३९मध्ये. काही पावलं पुढे गेलं की घुमट वाकडा होतो आणि चित्रकाराची करामत कळते.

[द्वेयरा. वारा, लाटा]

पश्चिमेला द्वेयरा. इथे अझूर विंडो नावाची दगडी कमान होती, गोझोच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असायची. ८ मार्च २०१७च्या वादळात ती खांबासकट समुद्रात गेली. लोक हळहळले. पण लाटांनी पोखरूनच ती कमान घडवली होती आणि लाटांनीच ती पाडली. तिच्या शिळांमधून आता पाणबुडे फिरतात.

कमान गेली तरी द्वेयरा रिकामं झालेलं नाही. कड्याच्या आतल्या बाजूला एक तळं आहे, त्याला इनलँड सी म्हणतात. कड्यातल्या सुमारे ८० मीटरच्या भुयारातून समुद्र आत येतो. नावाडी छोट्या बोटीतून त्या भुयारातून बाहेर नेतात. आत एकदम गारवा, भिंतींवर तांबडे-जांभळे डाग, आणि पलीकडे उघडा समुद्र. जवळच फंगस रॉक हा सुटा सुळका आहे. त्याच्यावर उगवणारी एक परोपजीवी वनस्पती रक्तस्रावावर रामबाण मानली जायची. ती एवढी मौल्यवान की १७४६मध्ये नाइट्सच्या प्रमुखाने, ग्रँड मास्टर पिंटोने, सुळक्यावर जायला बंदी घातली. १६५२चा पहाऱ्याचा बुरूज अजून उभा आहे.

जायचंच असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही असह्य होतात. शेंगेन व्हिसा लागतो. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात आणि बसचे रस्ते व्हिक्टोरियातून फुटतात. फेरीबोटीचं तिकीट परतताना घ्यायचं. आणि एक आग्रहाचं सांगणं : सकाळी येऊन संध्याकाळी परतू नका. सहलीच्या बोटी दुपारनंतर माघारी जातात, त्यानंतर रामलाची वाळू पायाला पोळत नाही, आणि बेटावरची माणसंही पोहायला तेव्हाच येतात.