सूज थांबवायला गेले आणि अटॅक वाढले

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसमध्ये आपलीच इम्यून सिस्टीम मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खाते, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण इम्यून सिस्टीमच्या पेशींना या कामाला कोण लावतं? तर सायटोकाइन्स. म्हणजे एका पेशीने दुसरीला पाठवलेले बारीक बारीक निरोप.

रक्तातल्या टी पेशींना, म्हणजे इम्यून सिस्टीमच्याच एका प्रकारच्या पेशींना, एरवी मेंदूत सहज शिरता येत नाही, तिथल्या रक्तवाहिन्यांची भिंत फार घट्ट असते. एमएसमध्ये इंटरल्युकिन १७ सारखे सायटोकाइन रेणू ही भिंत सैल करतात, मग पेशी आत घुसतात आणि आत गेल्यावर आणखी सायटोकाइन्स सोडतात, त्याने मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या स्वतःच्या इम्यून पेशीही भडकतात, आणि हे चक्र सुरूच राहतं.

मग हे रेणूच बंद करून टाकायचे ना? इतकं सोपं असतं तर! टीएनएफ नावाचं सायटोकाइन घ्या. संधिवातात तो अडवला की पेशंटला खरंच आराम पडतो, एमएस झालेल्या मेंदूतही तो सापडतो, उंदरांमध्ये अडवल्यावर फायदाही दिसला होता. म्हणून १६८ पेशंटवर टीएनएफ अडवणाऱ्या लेनरसेप्ट औषधाची ट्रायल झाली, १९९९ मध्ये निकाल छापून आला, आणि औषध घेणाऱ्यांना एमएसचे अटॅक, म्हणजे त्रास अचानक उफाळून येणं, कमी नाही, उलट जास्त आले. ज्यांनी केवढ्या आशेने ते इंजेक्शन घेतलं असेल त्यांचा विचार केला की आजही वाईट वाटतं.

असं का झालं असावं? टीएनएफचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवर तो जिथे चिकटतो त्या जागा, दोन. एकाला चिकटला की सूज भडकते, दुसऱ्याला चिकटला की मायलिन पुन्हा बनवणाऱ्या पेशींना मदत मिळते, निदान उंदरांमध्ये तरी हे स्पष्ट दिसलंय. औषधाने सरसकट टीएनएफच अडवला, म्हणजे दुरुस्तीही अडली.

इंटरफेरॉन या सायटोकाइन्सचंही तसंच, आडनाव एक पण स्वभाव वेगळे. गॅमा इंटरफेरॉन एमएसच्या १८ पेशंटना दिला तर ७ जणांना अटॅक आले, ही १९८७ ची गोष्ट, आणि बीटा मात्र १९९३ मध्ये अमेरिकेत एमएसचं औषध म्हणून मंजूर झाला.

म्हणूनच आता संधिवातासाठी टीएनएफ रोखणारं औषध सुरू करायचं असेल तर डॉक्टर आधी विचारतात, एमएस आहे का, हातापायाला मुंग्या येतात का, मध्येच एका डोळ्याने धूसर दिसलं होतं का. अशा वेळी जे झालं असेल ते सगळं सांगा, किरकोळ वाटलं तरी.